तिकडं कोण असतं तुमचं?

जेवायच्या टेबलावर नकाशा पसरलाय चार दिवस,
आम्ही जेवतो ओट्याला टेकून.
एका कोपऱ्यावर तुरीच्या डाळीचा डबा,
दुसऱ्यावर ह्यांच्या बीपीच्या गोळ्या,
तरी पर्थकडची कड पंख्यानं उडतेच.
उडू दे, म्हणतात हे, तिथवर आपण जाणारच नाही.

ॲडलेडला उतरायचं. गाडी भाड्याची.
वर पोर्ट ऑगस्टा, मग डावीकडं वळून
नलारबोर नावाचं माळरान,
नावातच सांगून ठेवलंय, झाड नाही.
"एवढे पैसे भरून झाड नाही ते बघायला?
मुरूडच्या पुढं माळ काय कमी पडला?"
हे हसले नाहीत. पट्टी ठेवून मोजत राहिले,
एक सेंटिमीटर म्हणजे लातूर ते नांदेड.

बिराजदारांच्या मैनाताई विरजणाला येतात
नि नकाशा बघून खुर्ची ओढतात.
"लेक दिली का तिकडं?" "नाही."
"मग पोरगा?" "पोरगा निलंग्यात आहे की."
"मग कोण असतं तुमचं तिकडं?"
मी वाटीत विरजण काढते, जरा जास्तच.

गाडीवाल्यांची यादी हे मोठ्यानं वाचतात:
माणशी रोज दहा लिटर पाणी जवळ ठेवा.
दहा!
रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी
तांदळाचं धुवण मोगऱ्याला जायचं,
दहा लिटरमध्ये मी पाहुणे उठवले असते जेवून.
वीस लिहा, म्हटलं. एवढं एक तर आपल्याला येतं.

खाली ठळक अक्षरात: दिवस मावळल्यावर
गाडी चालवू नये, कांगारू आडवे येतात.
रेणापूरच्या रस्त्याला रोही आडवा आला होता.
लुना गेली, ह्यांचं मनगट गेलं,
आणि हे हात गळ्यात अडकवून
आधी रोह्याचा पाय चाचपत बसले.
पशुधन पर्यवेक्षक, चौतीस वर्षं.
माझा ताप मात्र कपाळाला हात लावून कधी कळला नाही.

परवा लाइट गेली तेव्हा अंधारात बोलले.
औशाच्या पुढं गुंडेरावाचा इमूचा फार्म होता, आठवतो?
तेल विकणार होते, पिसं विकणार होते,
मग कुणीच काही घेईना. गुंडेराव पुण्याला गेला,
पक्षी जाळीत राहिले.
मोजायला मला पाठवलं. फॉर्मात रकाने तीन:
कोंबडी, बदक, इतर.
'इतर'मध्ये लिहिले अठ्ठेचाळीस.
आठवड्यानं गेलो तर एकतीस.
त्यात एक नर अंड्यांवर बसलेला.
काळपट हिरवी अंडी, शेवाळल्या दगडासारखी.
बाप बसतो त्यांच्यात, दोन महिने, न खाता.
तांब्या धरला तोंडाशी, प्यायला नाही.
तिसऱ्या खेपेला मी गेलोच नाही,
आकडा घरी बसून लिहिला.

मी विचारलं, किती लिहिला?
उत्तर नाही. पंखा सुरू झाला, नकाशा फडफडला.
"त्याला त्याच्या माळावर पळताना बघायचंय," म्हणाले,
"लांबून. जवळ नाही जायचं."

ऑगस्टात निघायचं ठरतंय.
मैनाताई म्हणतात, श्रावणात कुणी स्वेटर काढतं का!

आज सकाळपासून हे मोरीत बसलेत,
जुना टूथब्रश नि बूट घेऊन.
तिथल्या विमानतळावर माती चालत नाही म्हणे,
तळव्याच्या खाचेत कणभरसुद्धा, की गवताचं बी.
काळी माती आपली. सुटते का ती अशी?
सुईनं कोरतात, फुंकर मारतात,
कुठल्या तरी गोठ्यातलं कुसळ निघतं,
ते उन्हात धरून बघतात, टाकत नाहीत.
मी वरून पाणी ओतते.
"बारीक धार धर," म्हणतात मान वर न करता,
"इथंच संपले की दहा लिटर."